गाणे कागदावर उतरविणारे पंडित भातखंडे

संगीताच्या पुस्तकात ‘सा रे ग म’ अशी अक्षरे ओळीने मांडलेली आणि त्यांच्याखाली फुली, शून्य व आकडे घातलेले तुम्ही कदाचित पाहिले असतील. ही स्वरलिपी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी रूढ केली.

१० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईतील वाळकेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. विद्यार्थिदशेतच ते सतार शिकले. पुढे कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली आरंभिली. परंतु मन रमले ते गाण्यातच. पत्नी व कन्या यांचा वियोग घडल्यावर तर त्यांनी उरलेले आयुष्य संगीतालाच वाहिले.

त्या काळी गाणे केवळ कानाने शिकावयाचे असे. कित्येक गवई आपल्या चिजा परक्याला देत नसत आणि गवई वारला म्हणजे त्याच्या कंठातील चिजाही त्याच्याबरोबर जात. हे धन असेच नाहीसे होणार काय, या विचाराने भातखंडे अस्वस्थ झाले. १९०४ साली ते दक्षिण हिंदुस्थानात गेले. नंतर कलकत्ता, अलाहाबाद, लखनौ अशी शहरे त्यांनी पालथी घातली. कोठे आदर मिळाला, कोठे नकार. जेथे चीज मिळे, तेथे शिष्य होऊन बसण्यास त्यांना कमीपणा वाटला नाही.

ऐकलेले टिपावयाचे तर खुणा सोप्या हव्यात. त्यांनी कोमल स्वराखाली आडवी रेघ दिली, तीव्र मध्यमावर उभी. मंद्र स्वराखाली टिंब, तर तार स्वरावर टिंब. खरी अडचण लयीची. स्वर कोणता हे कळले, तरी तो किती वेळ धरावयाचा? म्हणून लांबविलेल्या स्वरापुढे आडवी रेघ आली आणि एकाच मात्रेत म्हणावयाच्या स्वरांखाली कंस आला. त्रितालाच्या सोळा मात्रा घ्या. पहिल्या मात्रेखाली समेची फुली, पाचव्या व तेराव्या मात्रांखाली टाळीचे २ व ३ हे आकडे, नवव्या मात्रेखाली खालीचे शून्य. हाताने टाळी देत ओळ वाचून पाहा, म्हणजे तालाचे अंग ध्यानात येईल.

मींड व गमक कागदावर कशी उतरणार, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला. तो अगदीच खोटा नव्हता. गुरूच्या गळ्याचे काम पुस्तक करीत नाही. तरीही ग्वाल्हेरच्या महाराजांनी आपल्याकडील काही गवई ही लिपी शिकण्यासाठी मुंबईस धाडले. राजाभैय्या पूछवाले यांच्यासारखे तयार गायक विद्यार्थ्यांप्रमाणे वही घेऊन बसले, हे मला मोठे वाटते. १९१८ साली ग्वाल्हेरास माधव संगीत महाविद्यालय निघाले, १९२६ साली लखनौचे महाविद्यालय. लखनौच्या त्या महाविद्यालयाचे आज भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ झाले आहे.

जमविलेल्या हजाराहून अधिक चिजा त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह मांडल्या. १९३३ साली त्यांना पक्षाघाताने गाठले. तीन वर्षे अंथरुणावर काढून १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीस, ते निवर्तले.