दिवेवाली बाई आणि तिचे आकडे

शाळेत सिस्टर्सनी आम्हाला फ्लोरेन्स नाइटिंगेलची गोष्ट सांगितली होती. रात्रीची वेळ, हातात दिवा, जखमी सैनिक. ती आकडेमोडीतही पक्की होती हे मात्र मला इथे हॉस्टेलला आल्यावर कळलं.

१८२० साली इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात तिचा जन्म झाला, म्हणून नावही तेच. आईवडील श्रीमंत इंग्रज. मुलीने नर्स व्हावं हे घरच्यांना अजिबात पसंत नव्हतं, पण तिने ऐकलं नाही. क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ती तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात पोचली. तिथे घाण तर होतीच, पण मृत्यूंच्या नोंदीही तीन वेगळ्या वह्यांत, आणि तिन्हींचे आकडे वेगळे! माणसं नेमकी किती मेली हेच माहीत नाही, तर सुधारणा झाली की नाही हे ठरवणार कसं?

परत आल्यावर विल्यम फार या आकडेतज्ज्ञाच्या मदतीने तिने दाखवून दिलं की बहुतेक सैनिक जखमांनी नाही, तर टाळता येणाऱ्या रोगांनी मेले. १८५८ मध्ये ती लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीची पहिली महिला सदस्य झाली. १८६० च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तिची योजना मांडली गेली. सगळ्या हॉस्पिटलांनी रोगांची एकच यादी आणि एकच फॉर्म वापरायचा, म्हणजे यंदाचे आकडे मागच्या वर्षाशी ताडून बघता येतील. काहींनी सुरुवात केली, पण काम नि खर्च वाढतो म्हणून ते मागे पडलं.

आणि गंमत बघा, ती स्वतःही चुकली. फारने काढलेला लंडनच्या २४ हॉस्पिटलांचा १८६१ चा मृत्युदर तिने १८६३ मध्ये आपल्या पुस्तकात छापला: ९०.८४ टक्के! वर्षभरातले ३,८२८ मृत्यू भागिले एकाच दिवशी दाखल असलेले ४,२१४ पेशंट. वर्षभरात त्याच कॉटवरून बरे होऊन घरी गेलेले कितीतरी लोक छेदात नव्हतेच. म्हणजे जिथे कॉट लवकर रिकामी होते, तिथला दर उगाच जास्त दिसणार. डॉक्टर मंडळी भडकली, आणि त्यांचं बरोबर होतं.

१९१० मध्ये, नव्वदीत, ती गेली. माझा तिच्याबद्दलचा आदर या चुकीने कमी झाला नाही. पण आता कुणी रिझल्ट वाढला म्हणून टाळ्या मागितल्या, की मी आधी विचारते: भागिले किती? परीक्षेला बसलेले, की ॲडमिशन घेतलेले? आणि मागच्या वर्षीही त्यानेच भागलं होतं ना?