आचार्यकल्प पंडितप्रवर टोडरमलजी

स्वाध्यायाला नियमाने बसणाऱ्या श्रावकाच्या मनात एक शंका केव्हा ना केव्हा डोकावतेच. केवली भगवंत तिन्ही काळांतील सर्व द्रव्ये आणि त्यांचे सर्व पर्याय एकाच समयी जाणतात, अशी आपली श्रद्धा आहे. मग मला मोक्ष केव्हा मिळणार, हेही त्यांच्या ज्ञानात आलेच. आणि जे त्यांच्या ज्ञानात आले ते टळणार नाही. असे असेल तर व्रत, संयम, स्वाध्याय यांचा खटाटोप मी कशासाठी करावा? या शंकेचे उत्तर ग्रंथातून देणारे आणि स्वतःच्या जीवनातूनही देऊन गेलेले गृहस्थ विद्वान म्हणजे जयपूरचे पंडितप्रवर टोडरमलजी.

पंडितजींचा जन्म विक्रम संवत १७७६-७७ च्या सुमारास, म्हणजे इ.स. १७१९-२० च्या आसपास झाला. वडिलांचे नाव जोगीदास, आईचे रंभादेवी. पुढे त्यांना हरिचंद आणि गुमानीराम असे दोन पुत्र झाले. पंडितजी मुनी नव्हते, भट्टारकही नव्हते. चरितार्थासाठी त्यांना काही काळ जयपूर सोडून सिंघाणा या गावी राहावे लागले. तरीही त्यांच्या विद्वत्तेची कीर्ती दूरवर पोहोचली होती. संवत १८११ मध्ये मुलतानच्या साधर्मी बंधूंच्या शंकांना त्यांनी पत्रानेच उत्तर दिले. ते पत्र ‘रहस्यपूर्ण चिठ्ठी’ या नावाने आजही भक्तिभावाने वाचले जाते.

त्यांची योग्यता ओळखून ब्रह्मचारी रायमलजी सिंघाण्याला आले. आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींचा ‘गोम्मटसार’ हा दहाव्या शतकातील प्राकृत ग्रंथ समजावून देणारे लोक त्या काळी फार थोडे उरले होते. त्याची टीका सर्वांना कळेल अशा भाषेत व्हावी, ही रायमलजींची तळमळ होती. आयुष्याचा भरवसा नाही, म्हणून हे काम लवकर हाती घ्या, असा त्यांनी आग्रह धरला. सर्वज्ञांच्या ज्ञानावर अढळ श्रद्धा असलेली ही दोन माणसे होती. पण योग आला की काम होईल, असे म्हणून ती स्वस्थ बसली नाहीत. सुमारे तीन वर्षांत पंडितजींनी ‘गोम्मटसार’, ‘लब्धिसार’, ‘क्षपणासार’ आणि ‘त्रिलोकसार’ या चार ग्रंथांवर मिळून पासष्ट हजार श्लोकप्रमाण टीका ढूंढारी भाषेत लिहिली. त्यांतील ‘सम्यग्ज्ञानचंद्रिका’ संवत १८१८ मध्ये पूर्ण झाली. या काळातील एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. आईने सहा महिने त्यांच्या जेवणात मीठच घातले नाही, आणि लेखनात बुडालेल्या मुलाला ते कळलेही नाही. टीका पूर्ण झाल्यावर मात्र एके दिवशी त्यांना जेवण अळणी लागले.

ज्या ‘गोम्मटसारा’साठी त्यांनी एवढे कष्ट घेतले, त्याच्याच कर्मकांड विभागात ३६३ एकांत मतांची गणना आहे, आणि त्यांत नियतिवादाचाही समावेश आहे. सारे काही केवळ नियतीच घडवते, असे मानणे हे तेथे मिथ्या मत ठरवले आहे. उलट ‘कार्तिकेयानुप्रेक्षे’त असे सांगितले आहे की, ज्या जीवाचे जन्म-मरण जिनेंद्रांनी जसे जाणले आहे, ते प्रत्यक्ष इंद्रालाही टाळता येत नाही. वरवर पाहता ही दोन विधाने परस्परविरोधी भासतात. त्यांचा मेळ कसा घालावा, याची वाट पंडितजींनी ‘मोक्षमार्गप्रकाशक’ या आपल्या स्वतंत्र ग्रंथात दाखवली आहे.

नवव्या अधिकारात ते प्रश्न उपस्थित करतात की, मोक्ष काललब्धी आली म्हणजे मिळतो, भवितव्यानुसार मिळतो, कर्माच्या उपशमादिकाने मिळतो, की पुरुषार्थाने? त्यांचे उत्तर असे की, काललब्धी आणि भवितव्य या काही वेगळ्या वस्तू नाहीत. ज्या काळी कार्य घडते तीच काललब्धी, आणि जे कार्य घडले तेच भवितव्य. कर्माचा उपशम ही पुद्गलाची शक्ती आहे. आत्मा तिचा कर्ता नाही. आत्म्याच्या हाती आहे तो पुरुषार्थ, म्हणून उपदेश त्याचाच केला जातो. जो जीव जिनेश्वरांच्या उपदेशानुसार मोक्षाचा उपाय करतो, त्याची काललब्धी आणि भवितव्यही जुळून आले, असे समजावे. मग द्रव्यलिंगी मुनी एवढे तप करूनही मुक्त का होत नाही? कारण त्याचा पुरुषार्थ उलट्या दिशेचा असतो.

याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. ज्ञान वस्तूला जाणते, घडवत नाही. केवलज्ञानात जसा मोक्ष दिसतो, तसा त्या मोक्षासाठी जीवाने केलेला पुरुषार्थही दिसतो. पुरुषार्थ वगळून नुसते फळ त्या ज्ञानात दिसत असेल, अशी कल्पना करणेच चूक आहे.

सातव्या अधिकारातील त्यांचे बोल तर आपणा व्यापारी समाजाने हृदयावर कोरून ठेवावेत असे आहेत. व्हायचे असेल तर आपोआप होईल, असे म्हणून जो धर्मात आळस करतो, त्याला ते विचारतात की, खाण्यापिण्यात आणि व्यापारात तू उद्यम का करतोस? तेथेही भवितव्यावर विसंबून बस. तसे तू करत नाहीस, यावरून एवढेच कळते की तुझी आवड येथे नाही. दुकानाची वेळ आपण कधी नशिबावर सोडत नाही. स्वाध्यायाची वेळ मात्र सोडतो. ही शंका बुद्धीची वाटली तरी तिचे मूळ बहुधा अनुरागाच्या अभावात असते. मिठाची ती आख्यायिका याच संदर्भात आठवावी. जेथे आवड, तेथे उद्यम!

संवत १८२३-२४ च्या सुमारास, म्हणजे इ.स. १७६६-६७ च्या आसपास, जयपुरात सांप्रदायिक विद्वेषाची आग भडकली. महाराजा माधोसिंह (पहिले) यांच्या आज्ञेने पंडितजींना प्राणदंड झाला आणि त्यांना हत्तीच्या पायी देण्यात आले, असे परंपरा सांगते. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तेचाळीसच्या आसपास होते. ‘मोक्षमार्गप्रकाशका’चा नववा अधिकार सम्यग्दर्शनाच्या विवेचनातच थांबला. ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’ची टीकाही अपुरी राहिली, ती पंडित दौलतरामजी कासलीवाल यांनी संवत १८२७ मध्ये पूर्ण केली.

ग्रंथ अपुरा राहणार, हे सर्वज्ञांच्या ज्ञानात होते. पंडितजींना ते ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याची त्यांना गरजही नव्हती. लिहिणे एवढेच त्यांच्या हाती होते, ते त्यांनी अखेरपर्यंत केले. त्या अपुऱ्या ग्रंथाने अडीचशेहून अधिक वर्षे असंख्य जीवांना पूर्ण वाट दाखवली आहे.

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या पुण्यपुरुषाचे स्मरण उचितच आहे. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनीही काललब्धीची वाट पाहत न बसता कामाला हात घातला. पुढील पन्नास वर्षांत काय घडेल, हे केवली जाणोत. आपल्या वाट्याला पुरुषार्थ आला आहे. पंडितप्रवरांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.