एका हाताचा मेजर आणि कोलोरॅडो नदी
– द्वितीय वर्ष बी. ए.

नदीच्या खननकार्याचा धडा आला, की भूगोलाच्या पुस्तकात ग्रँड कॅन्यनचे नाव येतेच. आपण निदरीची आकृती काढतो, शेजारी कोलोरॅडो नदी असे लिहितो आणि गुण घेऊन मोकळे होतो. त्या निदरीच्या तळाशी, एक-दीड किलोमीटर उंचीच्या कड्यांच्या मधून नावा घालून जाण्याचे धाडस प्रथम कुणी केले, हे मात्र आपल्या पुस्तकात नाही. ज्याच्या नेतृत्वाखाली ते घडले, त्या मेजर जॉन वेस्ली पॉवेलला उजवा हात कोपराखाली नव्हता. वाचक मित्रहो, ज्याला दोन वल्ही एकदम धरता येत नाहीत असा माणूस नावाड्यांचा प्रमुख झाला, या एका गोष्टीने मी त्याच्या चरित्राकडे ओढला गेलो.

पॉवेलचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील माउंट मॉरिस या गावी झाला. वडील जोसेफ हे इंग्लंडमधून आलेले. शिवणकाम करावे, शेती करावी आणि मेथॉडिस्ट पंथाची प्रवचने देत हिंडावे, असा त्यांचा संसार. पंथाच्या संस्थापकाचेच नाव त्यांनी मुलाला ठेवले. मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही इच्छा त्यात आलीच. पुढे हे कुटुंब ओहायो राज्यातील जॅक्सन या गावी गेले. जोसेफ गुलामगिरीच्या विरुद्ध उघड बोलत, आणि त्याची शिक्षा शाळेत त्यांच्या मुलाला मिळे. इतर मुले त्याला दगड मारीत. शेवटी त्याला शाळेतून काढून जॉर्ज क्रूकम नावाच्या एका वयस्क शेजाऱ्याकडे शिकायला ठेवले. क्रूकम स्वतःच्या आवडीने निसर्गाचा अभ्यास करणारे गृहस्थ होते. रानावनात हिंडत दगड, झाडे, प्राणी ओळखायचे, हीच पॉवेलची खरी शाळा झाली. पुढे विस्कॉन्सिनमध्ये वडील प्रवचनांसाठी बाहेर असत, तेव्हा बारा वर्षांच्या या पोराच्या अंगावर शेती पडली.

वडिलांना विज्ञान मान्य नव्हते. धर्मशिक्षण घेत असशील तर पैसे देतो, असा त्यांचा बाणा होता. पॉवेल शाळामास्तरकी करून पैसे साठवी आणि जमेल तेव्हा कॉलेजात जाई. तीन कॉलेजे झाली, पदवी एकाही ठिकाणची मिळाली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच असल्यामुळे हा भाग मी दोनदा वाचला. त्याने मला धीर आला असे मात्र म्हणणार नाही. तो काळ व तो देश वेगळा. आमच्याकडे पदवीवाचून कारकुनीही मिळत नाही.

नदीशी त्याची ओळख झाली ती शंख-शिंपल्यांच्या नादाने. १८५६ साली त्याने एकट्याने नाव वल्हवीत मिसिसिपी नदी सेंट अँथनीच्या धबधब्यापासून थेट मुखापर्यंत उतरून पाहिली. दुसऱ्या वर्षी पिट्सबर्गपासून ओहायो नदी, आणि त्याच्या पुढच्या वर्षी इलिनॉय नदी. या नद्या रुंद आणि संथ. अशा पाण्यात वल्हवणारा ज्या दिशेला जायचे तिकडे पाठ करून बसतो, वल्ही छातीकडे ओढतो, आणि अधूनमधून मान वळवून पाहतो. सारी ताकद ओढण्यात लागते, म्हणून नाव वेगाने जाते. पॉवेल हीच विद्या शिकला होता, आणि पुढे त्याच्या माणसांनीही तीच वापरली. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढचा सारा घोळ इथून सुरू होतो.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले व तो उत्तरेच्या सैन्यात दाखल झाला. त्याच वर्षी एमा डीन या आपल्या मामेबहिणीशी त्याने लग्न केले. ६ एप्रिल १८६२ रोजी शायलोच्या लढाईत, तोफा डागण्याची खूण करण्यासाठी हात वर केलेला असताना त्याला गोळी लागली आणि हात कापावा लागला. जखमेच्या टोकाचे दुखणे आयुष्यभर टिकले. तरीही बरा होताच तो पुन्हा सैन्यात गेला आणि मेजर होऊन बाहेर पडला. पुढे इलिनॉयमध्ये तो भूशास्त्राचा प्राध्यापक झाला, विद्यार्थ्यांना घेऊन रॉकी पर्वतात गेला, आणि तेथे त्याच्या मनाने कोलोरॅडो नदी घेतली. त्या भागात मूळ रहिवासी शतकानुशतके राहत होतेच. पण छापील नकाशावर तो प्रदेश कोरा होता.

२४ मे १८६९ रोजी वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर स्टेशनहून दहा माणसे आणि चार नावा निघाल्या. दोन्ही किनाऱ्यांना जोडणारी रेल्वे त्याच महिन्यात पूर्ण झाली होती. नावा शिकागोत बांधून रेल्वेने आणल्या होत्या. तीन नावा ओकच्या, एकवीस फुटी व भारी जड. चौथी पाइन लाकडाची, सोळा फुटी व हलकी. तिला पत्नीचे नाव दिले होते, 'एमा डीन'. दहा महिन्यांचा शिधा बरोबर होता. पॉवेल हलक्या नावेत पुढे असे आणि निशाण हलवून मागच्यांना कुठे काठाला लागायचे ते सांगे. बाकीची माणसे शिकारी, माजी सैनिक असलीच होती. फेसाळत्या पाण्याचा अनुभव कुणालाच नव्हता. हवा भरण्याचे रबरी जाकीट सगळ्यांत मिळून एकच होते, ते पॉवेलचे. एका हाताच्या माणसाला ते हवेच. परंतु बाकीच्या नऊजणांचे काय, हा प्रश्न मला पडतो.

ज्याला भूगोलात द्रुतवाह म्हणतात, तो प्रकार नकाशावर दिसतो त्याहून फार वेगळा असतो. बाजूच्या घळीतून पुराबरोबर आलेले मोठमोठे धोंडे नदीचे पात्र अडवितात, त्यांच्यावरून पाणी एकदम उतरते, आणि खाली उलट्या लाटा व भोवरे होतात. अशा ठिकाणी गोल बुडाची, लांब कण्याची नाव सरळ धावायला चांगली, पण वळायला हट्टी. वल्हेकऱ्यांची पाठ धोक्याकडे. त्यात ते जीव खाऊन वल्ही ओढणार, म्हणजे नाव पाण्यापेक्षाही वेगाने खडकाकडे जाणार. समोर काय आहे ते दिसत नाही, आणि दिसले तरी वेळ उरत नाही.

जून महिन्याच्या सुरुवातीला लोडोरच्या निदरीत हेच घडले. 'नो नेम' नावाच्या नावेला वेळेवर काठाला लागता आले नाही. ती खडकावर आपटली, वाहत गेली आणि फुटली. ओरॅमेल व सेनेका हे हाउलंड बंधू आणि फ्रँक गुडमन मधल्या बेटावर अडकले. जॅक समनरने हलकी नाव घालून त्यांना काढले. शिधा, कपडे, बंदुका गेल्या. उंची मोजण्याचे सगळे वायुभारमापकही त्याच नावेत. दुसऱ्या दिवशी खाली अडकलेल्या एका तुकड्यात ते सापडले तेव्हा मोठा आनंद झाला. पण माणसांचा आनंद जास्त होता तो त्यांनी मेजरला न सांगता आणलेले व्हिस्कीचे छोटे पिंपही तेथेच निघाले म्हणून!

त्यानंतर पॉवेलने जी शिस्त लावली तिच्यात मला त्याचे मोठेपण दिसते. पाण्याचा आवाज वाढला की आधी काठाला लागायचे. उतरून, खडकांवरून चालत जाऊन सगळा टप्पा डोळ्यांनी पाहायचा. जमण्यासारखे असेल तरच नावेत बसून जायचे. नसेल तर सामान उतरवायचे, नावेला दोर बांधायचे, आणि माणसांनी काठावरून दोर धरून ती हळूहळू खाली सोडायची. तेही शक्य नसेल तर नाव खांद्यावर. जड ओली नाव, निसरडे धोंडे, दिवसभरात कधी कधी फार थोडी वाट, माणसे वैतागत. बसून गेलो असतो तर दोन मिनिटांत झाले असते, असे त्यांना वाटे. मेजर ऐकत नसे.

माझे वडील कृष्णेच्या तरीवर नावाडी होते. पूल झाल्यावर तर बंद झाली. पावसाळ्यात पाणी चढलेले असताना ते समोरचा काठ धरून नाव कधीच हाकत नसत. आधी काठाकाठाने बरेच वर जायचे, मग नाळ धारेकडे तिरपी ठेवायची, म्हणजे धारच नाव पलीकडे ढकलते, असे ते सांगतात. कृष्णेचा पूर आणि कोलोरॅडोचे द्रुतवाह यांची तुलना करण्याचा वेडेपणा मी करीत नाही. पण पाणी वाचल्याशिवाय वल्हे टाकू नये, हे शिक्षण दोन्हीकडे एकच दिसते.

जुलैत गुडमन मोहीम सोडून गेला. कड्यावर चढताना पॉवेल एकदा असा अडकला, की एका हाताने खडक धरलेला आणि पाय हलविता येईना. वर असलेल्या ब्रॅडलीने अंगावरची लांब चड्डी काढून खाली सोडली, आणि पॉवेलने खडक सोडून ती पकडली. चरित्रनायकाला असा प्रसंग शोभत नाही असे कुणी म्हणेल. मला तो फार आवडला.

ऑगस्टच्या मध्याला ते ग्रँड कॅन्यनमध्ये शिरले. पीठ भिजून बुरसटले होते. वाळलेली सफरचंदे आणि कॉफी, बाकी काही नाही. २७ ऑगस्टला एक असा द्रुतवाह आला, की जेथे काठ नाही, दोर लावायला जागा नाही, नाव उचलून नेणे अशक्य. तेथे दोघे हाउलंड बंधू आणि विल्यम डन यांनी पुढे येण्यास नकार दिला. पॉवेल रात्रभर जागा होता. सकाळी तिघांना बंदुका दिल्या, 'एमा डीन' तेथेच बांधून ठेवली, आणि सहाजण दोन नावांत बसून गेले. मिनिटा-दोन मिनिटांत ते सुखरूप खाली पोचले. वरच्यांनी यावे म्हणून बंदुकीचे बार काढले, वाट पाहिली. कुणी आले नाही. ३० ऑगस्टला हे सहाजण व्हर्जिन नदीच्या संगमावर पोचले. ते तिघे कडा चढून वर गेले ते कायमचे. दुसऱ्याच कुणाच्या अपराधाबद्दल शिव्विट्स लोकांनी त्यांना मारले, असे १८७० साली तिकडे गेलेल्या पॉवेलला सांगण्यात आले. इतिहासकारांत त्यावर अजून एकमत नाही.

१८७१-७२ मध्ये पॉवेल पुन्हा गेला. या वेळी नावांना मागे सुकाणूचे लांब वल्हे होते, आणि मेजरसाठी नावेच्या मधोमध खुर्ची बांधली होती. फ्रेडरिक डेलनबॉ नावाचा सतरा वर्षांचा मुलगा त्या तुकडीत होता. पुढच्या कामगिऱ्या थोडक्यातच सांगतो. १८७८ चा त्याचा अवर्षणग्रस्त प्रदेशावरचा अहवाल गाजला. वीस इंचांहून कमी पावसाच्या मुलखात पाटपाण्यावाचून शेती होणार नाही आणि पाणी सगळ्या जमिनीला पुरणार नाही, हे त्याने सरकारला सांगितले. १८८१ ते १८९४ तो भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचा संचालक होता. १८९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत पाण्याचे हेच गणित मांडले, तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो उडविली. दुष्काळी तालुक्यातल्या विद्यार्थ्यांना यातले मर्म मी सांगायला नको. २३ सप्टेंबर १९०२ रोजी त्याचे निधन झाले.

परंतु वल्हवण्याची गोष्ट अजून पुरी झाली नाही. १८८९ मध्ये फ्रँक ब्राउन हा रेल्वेचा मार्ग शोधण्यासाठी त्याच नदीत उतरला, आणि कुणाकडेच तरंगती जाकिटे नसल्यामुळे तो धरून तिघे बुडाले. त्याचा अभियंता स्टँटन त्याच हिवाळ्यात जाकिटे घेऊन परतला व मोहीम पार पाडली. आणि खरी युक्ती सापडली ती युटाहमधल्या नेथॅनिएल गॅलोवे या सापळे लावून जनावरे धरणाऱ्या साध्या माणसाला. १८९० नंतरच्या काळात त्याने हलकी, सपाट बुडाची, दोन्ही टोके उचललेली नाव केली. आणि ती उलटी फिरवून स्वतः धोक्याकडे तोंड करून बसला. आता वल्ही ओढली, की नाव धारेच्या विरुद्ध जाते, म्हणजे पाण्यापेक्षा सावकाश चालते. खडक समोर दिसतो. नाव जरा तिरपी केली, की धारच तिला बाजूला नेते. ऑरेगनमधल्या मॅकेन्झी नदीवरच्या सपाट नावा आजही याच रीतीने वल्हवतात. दोन मोठ्या मोहिमांना जे सुचले नाही ते एका माणसाला सुचले, याचे कारण कदाचित हेच, की त्याची नाव त्याला एकट्यालाच सांभाळायची होती.

पॉवेलबद्दल एक तक्रार मात्र आहे. १८७५ साली त्याच्या प्रवासाचे पुस्तक निघाले. त्यात त्याने दुसऱ्या खेपेतले प्रसंग पहिल्या खेपेत मिसळले, आणि दुसऱ्या खेपेला ज्यांनी वल्ही मारली त्यांची नावे गाळली. ज्याचा स्वतःचा हात वल्ह्याला लागू शकत नव्हता, त्याने तरी दुसऱ्यांच्या हातांची नोंद ठेवायला हवी होती, असे मला वाटते. डेलनबॉने १९०८ मध्ये स्वतःचे पुस्तक लिहून ती नावे जगापुढे आणली. ग्रँड कॅन्यनच्या काठावर पॉवेलचे दगडी स्मारक उभे राहिले, तेव्हा त्यावर २८ ऑगस्टला सोडून गेलेल्या तिघांची नावे कोरली नाहीत. त्यांच्या नावांची पाटी खाली, ज्या घळीतून ते वर चढले तेथे, १९३९ साली बसविण्यात आली.