दयेचा नव्हे, हक्काचा दवाखाना

गरिबाच्या घरात माणूस आजारी पडला की पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? दुखते कुठे, हा प्रश्न नंतरचा. पैसे किती लागतील, हा पहिला. ज्या ब्रिटनचे साम्राज्य जगभर पसरले होते, त्या ब्रिटनमधल्या कामगाराच्या घरातही १९४८ सालापर्यंत हाच प्रश्न विचारला जात होता. सोमवार, ५ जुलै १९४८ रोजी तो विचारणे बंद झाले. त्या दिवसापासून कोणीही माणूस डॉक्टरकडे गेला, तर त्याला पैसे मागायचे नाहीत, असा कायदा लागू झाला. हा कायदा करणारा मंत्री कोणी लॉर्ड नव्हता, ऑक्सफर्डचा पदवीधर नव्हता. तो वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास कोळशाच्या खाणीत उतरलेला कामगार होता. त्याचे नाव अनायरिन बेव्हन. त्याची माणसे त्याला प्रेमाने नाय म्हणत.

बेव्हन दक्षिण वेल्समधल्या ट्रेडिगर गावचे. वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेकडचा छोटा डोंगराळ देश. त्याची भाषा वेगळी, गाणी वेगळी. दक्षिणेकडच्या त्याच्या दऱ्यांत कोळसा सापडला आणि दरीदरीत खाणकामगारांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. तिथे १५ नोव्हेंबर १८९७ रोजी अनायरिनचा जन्म झाला. वडील डेव्हिड खाणीत कोळसा फोडायचे, आई फिबी शिवणकाम करायची. पोटी दहा मुले झाली, त्यांतली काही लहानपणीच गेली. अनायरिन हे एका प्राचीन वेल्श कवीचे नाव. पण हा अनायरिन बोलताना अडखळत असे. शाळेत त्याचे मन रमले नाही. शाळा सुटली आणि पोरगा टाय-ट्रिस्ट नावाच्या खाणीत कामाला लागला. त्या काळात दक्षिण वेल्सच्या खाणीत उतरणे म्हणजे काय होते? १९१३ साली जवळच्याच सेंगहेनिड खाणीत स्फोट झाला, तेव्हा एकाच दिवशी ४३९ कामगार मेले.

शाळेने जे दिले नाही ते कामगारांच्या वाचनालयाने दिले. ट्रेडिगरच्या कामगारांनी स्वतःच्या पगारातून पेनी-पेनी काढून एक वाचनालय चालवले होते. दिवसभर खाणीत राबून हा मुलगा रात्री तिथली पुस्तके वाचत असे. इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, कविता, काहीच सोडले नाही. तोतरेपणावर त्याने स्वतःच इलाज शोधला. जो शब्द जिभेवर अडेल त्याच्या जागी दुसरा शब्द शोधायचा. त्यातून शब्दांचा एवढा मोठा साठा झाला की पुढे ब्रिटिश संसदेत चर्चिलला तोडीस तोड उत्तर देणारा वक्ता म्हणून हाच अडखळणारा मुलगा ओळखला गेला. एकोणिसाव्या वर्षी तो आपल्या खाणीतल्या कामगार संघटनेच्या शाखेचा प्रमुख झाला. १९१९ साली दक्षिण वेल्सच्या खाणकामगार महासंघाने त्याला स्वतःच्या खर्चाने लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात शिकायला पाठवले. संघटनेने कार्यकर्ता घडवला आणि त्या कार्यकर्त्याने पुढे संघटनेचे ऋण फेडले.

पण परत आल्यावर काय मिळाले? बेकारी. १९२१ नंतर वेल्सच्या दऱ्यांत मंदी होती आणि मालकांना बोलक्या पुढाऱ्याला काम द्यायचे नव्हते. याच दिवसांत, १९२५ साली, वडिलांचा मृत्यू झाला. आयुष्यभर कोळशाची धूळ श्वासातून आत गेली होती, फुप्फुसे निकामी झाली होती. पण या धुळीच्या रोगाला तेव्हा कायद्याने कामामुळे होणारा रोग मानले नव्हते. म्हणून नुकसानभरपाई नाही. माणूस खाणीने मारला आणि कायद्याच्या कागदावर खाण निर्दोष राहिली. पुढच्याच वर्षी देशव्यापी संप झाला. तो नऊ दिवसांत मोडला, तरी खाणकामगार पुढे कित्येक महिने एकटे लढले आणि उपासमारीने हरले. कमी पगारावर, जास्त तासांवर त्यांना कामावर परतावे लागले. नुसत्या संपाने भागत नाही, सत्तेत जाऊन कायदा बदलावा लागतो, हा धडा बेव्हन यांनी त्या पराभवातून घेतला.

आता ट्रेडिगरची एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पुढचा सगळा इतिहास तिच्यातून निघतो. या गावात १८९० पासून कामगारांची स्वतःची वैद्यकीय मदत संस्था होती. सभासद पगाराच्या दर पौंडामागे ठरावीक पेन्स तिला देत. ज्याला पगार जास्त, त्याची वर्गणी जास्त. ज्याला कमी, त्याची कमी. पण आजारी पडल्यावर वर्गणीचा हिशेब कोणी काढायचा नाही. डॉक्टर, शल्यविशारद, औषधे, दातांचे उपचार, परिचारिका, हे सगळे त्या पैशातून चाले. सभासदाच्या बायकामुलांनाही उपचार मिळत. गावातले बहुतेक सगळे लोक या छत्राखाली आले होते. संस्थेने नेमलेल्या डॉक्टरांपैकी ए. जे. क्रोनिन हे पुढे नामवंत कादंबरीकार झाले. खुद्द बेव्हन गावच्या रुग्णालयाच्या समितीचे काम पाहत होते. कोणा दानशूर शेठजीने उघडलेला हा धर्मादाय दवाखाना नव्हता. कामगारांच्या घामाच्या पैशावर, कामगारांच्या समितीने चालवलेला तो दवाखाना होता. तिथे जाताना कोणाला मान खाली घालावी लागत नव्हती.

बेव्हन यांचे राजकारणही पायरीपायरीने वर गेले. १९२२ साली ते गावच्या नगर मंडळावर निवडून आले. १९२८ साली मॉन्मथशायरच्या जिल्हा परिषदेसारख्या काउंटी कौन्सिलवर गेले. प्रत्येक पायरीवर त्यांना एकच अनुभव आला: खरी सत्ता इथे नाही, ती आणखी वर आहे. १९२९ साली एब्बू व्हेल मतदारसंघातून मजूर पक्षातर्फे ते संसदेत पोहोचले आणि मरेपर्यंत तिथूनच निवडून येत राहिले. १९३१ नंतर सरकारने बेकार भत्त्यासाठी उत्पन्नाची चौकशी सुरू केली. अधिकारी घरात शिरायचे, मुलगी काय कमावते, म्हातारीला काय मिळते हे मोजायचे आणि तेवढा बापाचा भत्ता कापायचे. मदत हवी तर आधी आपली गरिबी सिद्ध करा, या अपमानाविरुद्ध बेव्हन सभागृहात आगीसारखे बोलले. १९३४ साली त्यांनी जेनी ली यांच्याशी लग्न केले. त्याही स्कॉटलंडच्या खाणकामगाराच्या कन्या आणि माजी खासदार. पुढे मंत्री म्हणून मुक्त विद्यापीठ उभारण्यात त्यांचाच मोठा वाटा होता.

पक्षशिस्तीपेक्षा विवेक मोठा मानणारा हा माणूस होता. फॅसिझमविरुद्ध सगळ्या पुरोगाम्यांनी एकत्र यावे, ही मागणी लावून धरल्याबद्दल १९३९ साली मजूर पक्षाने त्यांना काढून टाकले. त्यांच्याबरोबर काढले गेलेले दुसरे नेते म्हणजे स्टॅफर्ड क्रिप्स. १९४२ साली क्रिप्स योजना घेऊन भारतात आले ते हेच. १९३९ च्याच अखेरीस बेव्हन पक्षात परत आले. महायुद्धाच्या काळात चर्चिलवर टीका म्हणजे देशद्रोह, अशी हवा होती. तेव्हाही त्यांनी भर संसदेत चर्चिलच्या चुका दाखवल्या.

१९४५ च्या जुलैमध्ये जनतेने युद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिलला घरी बसवले आणि मजूर पक्षाला ३९३ जागा दिल्या. पंतप्रधान ॲटली यांनी ४७ वर्षांच्या बेव्हन यांना आरोग्यमंत्री केले. मंत्रिमंडळात ते वयाने सर्वांत लहान. घरबांधणीचे खातेही त्यांच्याकडेच होते. त्यांनी नगरपालिकांमार्फत भाड्याची घरे बांधली, आणि गरिबाचे घर म्हणजे खुराडे, हा नियम मोडून ती प्रशस्त ठेवण्याचा आग्रह धरला.

त्या वेळी आरोग्याची व्यवस्था कशी होती? १९११ साली लॉइड जॉर्ज या दुसऱ्या वेल्श नेत्याने कामगारांसाठी विमा आणला होता. पण तो कमावत्या माणसापुरता. त्याची बायको, त्याची मुले विम्याबाहेर. रुग्णालयातला खर्चही बाहेर. काही रुग्णालये देणग्यांवर चालत, काही नगरपालिकांची होती. श्रीमंत शहराचे रुग्णालय चांगले, गरीब शहराचे कंगाल. बेव्हन यांनी ठरवले की सगळी रुग्णालये राष्ट्राच्या मालकीची करायची. अडीच हजारांहून जास्त रुग्णालये सरकारकडे घ्यायची आणि खर्च सर्वसाधारण करांतून करायचा. ट्रेडिगरचेच तत्त्व देशाला लावायचे: ऐपतीप्रमाणे द्या, गरजेप्रमाणे घ्या.

विरोध चारी बाजूंनी झाला. मंत्रिमंडळात हर्बर्ट मॉरिसन यांचे म्हणणे होते की रुग्णालये नगरपालिकांकडेच राहू द्यावीत. विरोधी हुजूर पक्षाने विधेयकाविरुद्ध मतदान केले. सर्वांत कडवा विरोध डॉक्टरांच्या संघटनेचा. फेब्रुवारी १९४८ मध्ये, योजना सुरू व्हायला पाच महिने उरले असताना, डॉक्टरांनी मतदान केले. सुमारे ४० हजार विरोधात, पाच हजारांहूनही कमी बाजूने. सरकारी नोकर होणार नाही, ही त्यांची ओरड. बेव्हन यांनी इथे तडजोड केली. मोठ्या तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी रुग्ण पाहायची आणि सरकारी रुग्णालयात पैसे देणाऱ्यांसाठी खाटा ठेवायची मुभा दिली. वस्तीतल्या डॉक्टरांना सरकारी पगारदार न करण्याचे मान्य केले. या तडजोडीवर आजही टीका होते आणि ती अगदीच चुकीची नाही. पण एका गोष्टीवर ते तसूभर हलले नाहीत: रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत.

५ जुलै उजाडला. मँचेस्टरजवळच्या डेव्हीह्युल्म इथल्या रुग्णालयात बेव्हन यांनी योजनेचा प्रारंभ केला. मग दवाखान्यांपुढे रांगा लागल्या. वर्षानुवर्षे दुखणी अंगावर काढलेल्या बाया पहिल्यांदा डॉक्टरपुढे आल्या. बाळंतपणानंतर बिघडलेले शरीर घेऊन त्या वीस-वीस वर्षे राबल्या होत्या, कारण घरचा पैसा आधी पोरांसाठी होता. पहिल्याच वर्षी पन्नास लाखांवर चष्मे दिले गेले. फुकट मिळाले म्हणून लोकांनी उधळपट्टी केली, असे टीकाकार म्हणाले. खरे तर एवढी माणसे आजवर अंधूक पाहत जगत होती, याचा तो पुरावा होता.

तीन वर्षांनी कसोटी आली. कोरियाचे युद्ध सुरू होते. सरकारने तीन वर्षांत शस्त्रांवर ४७० कोटी पौंड खर्च करायचे ठरवले. त्यासाठी अर्थमंत्री गेट्स्केल यांनी १९५१ च्या अर्थसंकल्पात चष्मे आणि दातांच्या कवळ्यांवर शुल्क लावले. त्यातून त्या वर्षी वाचणार होते १ कोटी ३० लाख पौंड. बेव्हन यांनी एप्रिल १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. चष्म्यासाठी मंत्रिपद सोडणारा माणूस वेडा, असे अनेकांना वाटले. शिवाय १९४९ मध्ये औषधांच्या चिठ्ठीवर शुल्क लावण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्याला त्यांनी स्वतः नाइलाजाने संमती दिली होती, हेही विरोधकांनी काढले. पण दारात एकदा जकात नाका बसला की तो हटत नाही, उलट दर वाढत जातात, हे त्यांना कळले होते. झालेही तसेच. १९५२ साली नव्या हुजूर सरकारने औषधांच्या चिठ्ठीवर शुल्क लावले.

बेव्हन यांना देव करण्याची गरज नाही. १९५७ साली त्यांनी ब्रिटनने एकतर्फी अण्वस्त्रे टाकण्याला विरोध केला आणि त्यांच्याच अनुयायांना धक्का बसला. वेल्सला स्वतंत्र विधिमंडळ असावे, ही कल्पना त्यांना रुचली नाही. वेल्सच्या आणि इंग्लंडच्या खाणकामगाराचे दुखणे एकच आहे, ही त्यांची भूमिका. इतिहासाने मात्र गंमत केली. १९९९ साली कार्डिफला वेल्सची विधानसभा आली, आरोग्य खाते तिच्या हाती गेले, आणि १ एप्रिल २००७ पासून वेल्सने औषधांवरचे शुल्क साफ काढून टाकले. जे लंडनला जमले नाही, ते बेव्हनच्या मायभूमीने केले.

६ जुलै १९६० रोजी, योजनेला बारा वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, पोटाच्या कर्करोगाने ते गेले. वय ६२. त्यांची रक्षा ट्रेडिगरच्या वरच्या डोंगरांत विखुरली गेली. २००४ साली वेल्सच्या लोकांनी आपला सर्वश्रेष्ठ नायक निवडला, तेव्हा राजे-सरदार मागे पडले आणि पहिला आला हा खाणकामगार. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावी. ज्या खाणींच्या दऱ्यांत तिकडचे डॉक्टर जायला तयार नव्हते, तिथे भारत-पाकिस्तानातून गेलेल्या डॉक्टरांनी कित्येक वर्षे दवाखाने चालवले.

आपल्याकडेही १९४३ साली भोर समिती नेमली गेली. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व तिने १९४६ साली मांडले. ब्रिटनच्या संसदेने बेव्हनचा कायदा मंजूर केला तेही वर्ष १९४६ च. आपल्याकडे त्या अहवालातून प्राथमिक आरोग्य केंद्रे आली, तत्त्व मात्र कागदावर राहिले. फरक कशाने पडला? तिकडे तत्त्वामागे संघटित कामगार उभा होता. त्याने आधी स्वतःच्या पेन्सवर वाचनालय उभे केले, दवाखाना उभा केला, कार्यकर्ता शिकवला आणि मग त्याच कार्यकर्त्याला सत्तेत पाठवले. अहवाल कितीही चांगला असो, त्याला ढकलणारे हात नसतील तर तो कपाटातच राहतो.

म्हणून चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी वस्तीतले लहान काम लहान समजू नये. आपले वाचनालय, आपला आरोग्य निधी, आपली पतपेढी यांतच उद्याच्या कायद्याचा नमुना तयार होत असतो. पण तिथेच थांबूही नये. ट्रेडिगरची संस्था ट्रेडिगरपुरतीच राहिली असती, तर शेजारच्या गावातली बाई दुखणे अंगावर काढतच मेली असती.