कार्ल लिनीअस आणि कुंडीतील झुडूप

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक मातीची कुंडी आहे. एक पालक बदली होऊन परगावी जाताना ती शाळेस देऊन गेले. कुंडीत हातभर उंचीचे एक झुडूप होते. त्याची पाने गर्द हिरवी व तुकतुकीत, फांदीवर समोरासमोर आलेली, आणि शिशिरातही न गळणारी अशी होती. देणाऱ्यांस त्याचे नाव ठाऊक नव्हते. खालच्या वर्गातील मुलांनी आम्हांस नाव विचारले, तेव्हा क्षणभरही विचार न करता ही तगर आहे असे सांगून आम्ही मोकळे झालो. मुलांनी एका फुटक्या पाटीच्या तुकड्यावर ते नाव लिहून कुंडीस अडकविले. पुढे मृगाच्या सरी पडून गेल्यावर झुडपास कळी आली, ती उमलली, आणि सारा व्हरांडा सुगंधाने भरून गेला. ती तगर नव्हती. तो अनंत होता! एका मुलाने काही न बोलता पाटी पुसली व नवे नाव लिहिले. ते पाहून आम्हांस लाज वाटली, हे कबूल केले पाहिजे. तगरीचे पान तोडले की पांढरा चीक येतो. अनंताच्या पानास तसा चीक नसतो. एक पान तोडून पाहण्याचेही कष्ट आम्ही घेतले नव्हते.

या प्रसंगाने आम्हांस एका थोर पुरुषाचे चरित्र आठवले. जगातील हजारो वनस्पतींस ज्याने नावे दिली, त्यालाही कुंडीतील एका सदाहरित झुडपाने पुष्कळ वर्षे झुलविले. त्याचे नाव कार्ल लिनीअस.

लिनीअसचा जन्म २३ मे १७०७ रोजी स्वीडन देशातील स्मोलंड प्रांतात, रोशुल्ट नावाच्या खेड्यात झाला. त्याचे वडील निल्स हे पाळक होते. मिळकत बेताची, परंतु बागेचा नाद मोठा. ते पुढे स्टेनब्रोहुल्ट येथील मंडळीचे मुख्य पाळक झाले आणि तेथे त्यांनी नाना प्रकारची झाडे लावली. लहानगा कार्ल त्यांच्या मागे मागे हिंडे आणि प्रत्येक रोपाचे नाव विचारी; पण एकदा ऐकलेले नाव दुसऱ्या दिवशी विसरून पुन्हा विचारी. अखेर वडिलांनी त्यास बजावले की, सांगितलेली नावे ध्यानात न ठेवशील तर यापुढे एकही नाव सांगणार नाही. ही धमकी त्या मुलास फार लागली. तेव्हापासून नावे मनात साठविणे हाच त्याचा खेळ झाला.

वेक्शो येथील शाळेत मात्र त्याची प्रगती फारशी नव्हती. वडिलांची इच्छा मुलाने पाळक व्हावे अशी होती. पण शिक्षकांनी त्यांस कळविले की, या विद्येस हा मुलगा लायक नाही, त्यास एखाद्या धंद्यास लावावे. निराश झालेल्या वडिलांस त्याच शाळेत शिकविणाऱ्या डॉक्टर योहान रोथमान यांनी धीर दिला. मुलगा वैद्यक शिकेल असे सांगून त्यांनी कार्लला आपल्या घरी ठेवून घेतले व वनस्पतिशास्त्राचे पहिले धडे दिले. पालकांनी व आम्हां शिक्षकांनी ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. ज्यास शाळेने नालायक ठरविले, त्याचे गुण ओळखणारा एक मनुष्य त्याच शाळेत होता, म्हणूनच पुढचा लिनीअस जगास लाभला.

१७२७ साली तो लुंड येथील विद्यापीठात व पुढील वर्षी उप्साला येथे गेला. तेथे त्याने दारिद्र्याचे चटके सोसले. जोड्यांचे तळ झिजले म्हणजे तो आत कागद घालून दिवस काढी. एके दिवशी विद्यापीठाच्या बागेत तो फुले तपासीत असता ओलोफ सेल्सिउस नावाच्या विद्वान धर्मशास्त्र्यांची व त्याची गाठ पडली. या फाटक्या विद्यार्थ्याचे ज्ञान पाहून ते चकित झाले आणि त्यांनी त्यास आपल्या घरी आश्रय दिला. १७३२ साली लिनीअसने उत्तरेकडील लापलंड या बर्फाळ प्रदेशाचा प्रवास केला. १७३५ साली तो हॉलंडमध्ये गेला आणि त्याच वर्षी त्याचा सृष्टिव्यवस्थेवरील पहिला ग्रंथ निघाला. त्याची पाने मोजकीच होती; पण सर्व सृष्टीची मांडणी त्यांत होती. फुलातील पुंकेसर किती व ते कसे जुळले आहेत, हे पाहून त्याने वनस्पतींचे वर्ग पाडले. पाने, उंची, रंग ही फसवितात, फूल सहसा फसवीत नाही, असा त्याचा अनुभव होता.

पुढे तो स्वदेशी परतला आणि १७४१ साली उप्साला येथे प्राध्यापक झाला. तेथील बाग त्याने नव्याने रचिली व थंडीत जगू न शकणाऱ्या झाडांसाठी उबदार गृहे सिद्ध केली. १७५३ साली त्याचा वनस्पतींच्या जातींवरील महाग्रंथ प्रसिद्ध झाला. तोपर्यंत एकेका झाडाचे शास्त्रीय नाव म्हणजे लांबलचक वाक्यच असे. लिनीअसने प्रत्येकास दोन शब्दांचे सुटसुटीत नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जणू आडनाव. दुसरा त्या जातीचा. हीच पद्धत आजही जगभर चालते.

इतकी कीर्ती मिळाली तरी एक गोष्ट त्याच्या मनास टोचत होती. चहाचे जिवंत झुडूप त्याने पाहिले नव्हते. सुकलेली पाने युरोपात पेट्या भरभरून येत. परंतु चीनमधून निघालेले रोप काही जिवंत पोहोचत नसे. चहापायी आपल्या देशाचे रुपे चीनला जाते, याचीही त्यास खंत होती. चहा स्वीडनमध्ये रुजविता आला तर हा खर्च थांबेल, असे त्यास वाटे. स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे गोथेनबर्ग बंदरातून चीनला जात. तेव्हा त्याने आपल्या विद्यार्थ्यांस त्या जहाजांवर पाठविण्याचे ठरविले.

पहिला निघाला तो क्रिस्टोफर टेर्नस्ट्रोम. तो जहाजावरील पाळक म्हणून १७४६ साली गेला. कुंडीत लावलेले चहाचे झुडूप, निदान चहाचे बी, आणावे अशी गुरूची त्यास आज्ञा होती. परंतु तो चीनला पोहोचलाच नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात पुलो कोंडोर या बेटावर त्यास मृत्यू आला. मागे पत्नी व लहान मुले राहिली. त्या विधवेने लिनीअसला दोष दिला, आणि तो दोष त्याच्या मनास इतका लागला की, त्यानंतर अशा दूरच्या प्रवासास अविवाहित तरुणच पाठवावे असे त्याने ठरविले. एका कुंडीसाठी एका घराचा आधार गेला, हे चरित्र लिहिताना आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. ज्ञानाची किंमत कित्येकदा दुसऱ्यासच द्यावी लागते.

यानंतर पेहर ओस्बेक नावाच्या शिष्याने चीनमध्ये एक रोप मिळविले. पण ते परतीच्या प्रवासात जहाजावरून समुद्रात गेले. पुढे कंपनीचे एक संचालक लागरस्ट्रोम यांच्याकडून दोन झुडपे उप्सालास आली. लिनीअसच्या आनंदास पारावार राहिला नाही. सदाहरित, दातेरी काठांची, तुकतुकीत पाने, चहाच तो! त्याने त्यांची दोन वर्षे जिवापाड काळजी घेतली. मग त्यांस फुले आली, आणि ती चहाची नव्हती. ते झुडूप कॅमेलियाचे होते. विकणाऱ्याने चहा म्हणून भलतेच रोप गळ्यात बांधले होते. या दोन झाडांची पाने पुष्कळशी सारखी दिसतात. मात्र बागेत लावतात त्या कॅमेलियाचे फूल मोठे, बहुधा तांबडे व देठावाचून फांदीस चिकटलेले असते; चहाचे फूल लहान, पांढरे व आखूड देठावर खाली लवलेले असते. कॅमेलियाचे पुंकेसर बुडाशी जुळलेले म्हणून लिनीअसने त्यास एका वर्गात बसविले होते, आणि चहाचे सुटे समजून त्यास दुसऱ्या वर्गात.

तिसरे रोप गोथेनबर्गपर्यंत सुखरूप आले. बंदर गाठल्याच्या गडबडीत ते रात्री कप्तानाच्या खोलीत मेजावर ठेवले होते. उंदरांनी ते कुरतडून टाकले!

इतक्या वेळा हात पोळल्यावर लिनीअसने कारणाचा विचार केला. चहाच्या बियांत तेल असते. ते लांबच्या प्रवासात खवट होते व बी मरते. तेव्हा त्याने कप्तान कार्ल गुस्ताफ एकेबेर्ग यांस सांगितले की, चीनचा किनारा सोडतानाच ताजे बी मातीच्या कुंड्यांत पेरावे, म्हणजे वाटेतच रोपे उगवतील. तसेच झाले. १७६३ साली ती कोवळी रोपे स्वीडनला पोहोचली. काही उप्सालाच्या वाटेवर मेली. उरलेली एकेबेर्ग यांच्या पत्नीने गाडीत स्वतःजवळ जपून आणिली. मोठमोठ्या जहाजांस जे साधले नाही, ते शेवटी मातीच्या कुंडीने व एका बाईच्या काळजीने साधले.

तरीही लिनीअसचे सारे अंदाज खरे ठरले नाहीत. चहा हळूहळू थंडीस सरावेल ही त्याची आशा फोल ठरली. स्वीडनच्या हिमात चहाचे मळे उभे राहिले नाहीत. हिरवा व काळा चहा दोन निराळ्या जातींच्या झुडपांपासून होतो, असे त्याने १७६२ साली छापले. वास्तविक पान एकच, फरक ते सुकविण्याच्या व आंबविण्याच्या रीतीत आहे. आणि सर्वांत मोठे नवल पुढेच आहे. ज्या कॅमेलियाने त्यास फसविले, ती चहाची सख्खी बहीणच निघाली. नंतरच्या शास्त्रज्ञांनी दोघांस एकाच प्रजातीत घातले, आणि १८८७ सालापासून चहाचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सिनेन्सिस असे आहे. कॅमेलिया हे नाव लिनीअसनेच गेओर्ग योसेफ कामेल या फिलिपाइन बेटांत राहून वनस्पती अभ्यासणाऱ्या मिशनऱ्याच्या स्मरणार्थ ठेविले होते.

आपल्या देशातही हीच गोष्ट पुन्हा घडली. १८२३ साली आसामात रानचहाचा शोध लागला. त्याची पाने कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख डॉक्टर वॉलिक यांजकडे गेली, तेव्हा त्यांनी तो कॅमेलिया ठरविला. पुढे फळांसह नमुने आले, आणि १८३४ साली तो खरा चहाच असल्याचे मान्य झाले.

लिनीअसच्या अखेरच्या दिवसांची हकीगत करुण आहे. १७७४ साली त्यास पक्षाघाताचा झटका आला. पुढे दुसरा झटका आल्यावर, ज्याने जगास नावे दिली त्यास स्वतःचे नावही आठवेना. १० जानेवारी १७७८ रोजी उप्साला येथे त्याने देह ठेविला, आणि तेथील कॅथीड्रलात त्यास पुरण्यात आले. त्याच्या पुत्राने १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सदाहरित झुडपांच्या एका प्रजातीस टेर्नस्ट्रोमिया हे नाव छापिले. ही झुडपे पुष्कळ काळ चहाच्याच कुळात गणली जात. जो शिष्य चहाचे रोप आणू शकला नाही, त्याचे नाव अशा रीतीने चहाच्या नात्यागोत्यात राहिले.

मुलांनो, तुमच्या घरी नाव ठाऊक नसलेले एखादे सदाहरित झुडूप कुंडीत असेल, तर आमच्यासारखी घाई करू नका. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, काठ सरळ की दातेरी, चीक निघतो की नाही, चुरडल्यावर वास कसला येतो, हे वहीत टिपून ठेवा. कुंडीच्या तळास भोक आहे ना, ते पाहा. बोटाने वरची माती कोरडी लागली तरच पाणी घाला. अनोळखी झाडे पाण्यावाचून मरतात त्याहून अधिक पाण्याच्या माऱ्याने मरतात. सकाळचे ऊन द्या, दुपारचे टाळा. आणि फुलाची वाट पाहा. तोवर नाव नसले तरी झाडाचे काही अडत नाही. त्यास नाव लागत नाही, निगा लागते. लिनीअसने ती दोन झुडपे चहा समजून सांभाळली, ते कष्ट कॅमेलियाच्या कामी आले. वाया गेले नाहीत.

आमच्या व्हरांड्यात आता दुसरी एक कुंडी आली आहे. तिच्यातील रोपही सदाहरित दिसते. मुलांनी आम्हांस नाव विचारले, तेव्हा ठाऊक नाही असे आम्ही स्पष्ट सांगितले. कुंडीवर पाटी अडकविली आहे; तीवर रोप आले त्या दिवसाची तारीख तेवढी लिहिली आहे. नावाची जागा फुलासाठी कोरी ठेविली आहे.