डबक्यातल्या बुरशीचे सर एडविन बटलर

एडविन जॉन बटलर हे शिक्षणाने डॉक्टर. १८७४ मध्ये आयर्लंडमधल्या किलकी गावी त्यांचा जन्म झाला. कॉर्कला वैद्यकीची पदवी घेतली आणि रोगी तपासायचे सोडून ते पाण्यातल्या बुरशीच्या मागे लागले. मला यात नवल वाटत नाही. त्यांच्या जन्माच्या तीसेक वर्षे आधी बटाट्यावरच्या करप्याने त्याच देशात सुमारे दहा लाख माणसांचा बळी घेतला होता, आणि त्या करप्याचे बीजाणू पाण्याच्या थेंबात पोहतात.

१९०१ मध्ये ते सरकारी नोकरीत भारतात आले. आधी कोलकाता, मग देहरादून. (देहरादून म्हटले की आम्हा कॅडेट्सना फक्त अकादमी आठवते!) १९०५ पासून ते बिहारमधल्या पुसा येथे होते. आपल्या नाशिकहून निघणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या भागात तेव्हा ताडाची झाडे शेंड्यातून कुजून मरत होती. त्याचे कारण असलेली फायटोफ्थोरा जात बटलर यांनीच शोधली.

पण मला आवडते ती त्यांची १९११ मधली ॲलोमायसिस. पाण्यात कुजणाऱ्या वस्तूंवर वाढणारी, झुडपासारख्या फांद्यांची ही इवलीशी बुरशी. तिच्या पातळ पिशव्यांतून पोहणारे बीजाणू सुटतात आणि त्यांतून पुन्हा तशीच बुरशी उगवते. डबके आटू लागले तरी ती हरत नाही. तिच्याकडे जाड भिंतीच्या तपकिरी पिशव्याही असतात, त्या कोरड्या मातीत वर्षानुवर्षे पडून राहतात. पाणी मिळाले की त्यांतले बीजाणू बाहेर पडतात, पण त्यांतून वेगळीच पिढी वाढते, नर आणि मादी पेशी देणारी. नर पेशींच्या पिशव्या नारिंगी असतात. मादी पेशी पाण्यात एक रसायन सोडते, त्या खुणेवर नर पेशी पोहत येते, दोन्ही एक होतात आणि पहिली पिढी परत सुरू होते. ही दुसरी पिढी बटलर यांना दिसली नव्हती. जावातल्या एका भावंड-जातीत ती हान्स क्नीप यांनी १९२९ मध्ये दाखवली.

१९२० मध्ये बटलर इंग्लंडला परतले आणि क्यू येथल्या बुरशी-संस्थेचे पहिले संचालक झाले. १९३९ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला.

ॲलोमायसिसच्या पोहणाऱ्या पेशीला एकच शेपूट, तेही मागे. माणसाच्या शुक्राणूलाही तसेच. वर्गात यावर हशा झाला, पण प्राणी आणि बुरशी यांचे पूर्वज एकच होते याची ही एक खूण मानतात. फायटोफ्थोराच्या बीजाणूला मात्र दोन शेपट्या. तिला आता खऱ्या बुरशीतून काढून तपकिरी शैवालांच्या नात्यात बसवले आहे. १९४३ मध्ये बटलर वारले, तेव्हा पुस्तकांत या दोघी एकाच वर्गात होत्या.