13 किलोमीटरवरून घंटा ऐकणारा कोलाडॉन

सोलापूरहून तुळजापूर साधारण 45 किलोमीटर. मध्ये सगळं पाणीच असतं, तर सोलापुरात पाण्याखाली वाजवलेल्या घंटेचा आवाज तिथं अर्ध्या मिनिटात पोचला असता. हवेतून त्याच आवाजाला दोन मिनिटांहून जास्त लागतात. हा फरक जगाला नेमका कळला, तो जाँ-डॅनिएल कोलाडॉनमुळे.

जन्म 1802 चा, जिनिव्हाचा. शिकला वकिली, रमला भौतिकशास्त्रात. द्रव पदार्थ किती दाबले जातात, या प्रश्नावर पॅरिसच्या विज्ञान अकादमीने बक्षीस ठेवलं होतं. कोलाडॉन आणि त्याचा गणितज्ञ मित्र चार्ल्स स्टर्म कामाला लागले. पाणी जितकं कमी दाबलं जातं, तितका त्यातून आवाज वेगाने जातो. म्हणजे वेग मोजला, की दाबाचं गणितही तपासून होतं.

नोव्हेंबर 1826. जिनिव्हा सरोवराच्या एका काठाला, रोलजवळ, होडीखाली घंटा टांगली. घंटेवर टोला बसला, की त्याच दांड्याने वर बंदुकीची दारू पेटायची. समोर तोनोंजवळ, तब्बल 13,487 मीटरवर, कोलाडॉन रात्री पत्र्याची लांब नळी पाण्यात सोडून कान लावून बसलेला. उजेड दिसला की घड्याळ सुरू, आवाज आला की बंद.

पण एवढ्या लांब कशाला? खरी हुशारी इथंच आहे. घड्याळात पाव सेकंदाची चूक झाली, तर दीड किलोमीटरच्या अंतरावर सगळं गणितच कोलमडतं. 13 किलोमीटरवर तीच चूक तीन टक्क्यांच्या आत राहते. वेळ आली साधारण 9.4 सेकंद आणि वेग सेकंदाला 1,435 मीटर. पाण्याचं तापमान 8 अंश होतं. आजची उपकरणं त्या तापमानाला जो आकडा देतात, तो यापासून फार तर चार-पाच मीटरने वेगळा आहे! 1827 मध्ये बक्षीस दोघांना मिळालं.

पुढे त्याने पाण्याच्या धारेतून प्रकाश वळवून दाखवला, आल्प्समधले बोगदे खोदणाऱ्या यंत्रांसाठी दाबलेल्या हवेवर काम केलं. 1893 मध्ये तो गेला.

त्याच्या नळीची जागा आता हायड्रोफोनने घेतली आहे. पाण्यातला हा माइक खरं सांगतो की नाही, हे तपासताना ठरावीक अंतरावरून आवाज सोडतात आणि काठावरून किंवा तळावरून प्रतिध्वनी परतायच्या आत मोजणी उरकतात. त्यासाठी आवाजाचा वेग आधी माहीत असावा लागतो, आणि पाणीही भरपूर खोल लागतं. भारतात नौदलाच्या सोनारसाठी अशा चाचण्या केरळमधल्या इडुक्की जलाशयात, कुलमावू इथं होतात.